घरमालकाच्या मुलानं वाचलेला चांगदेव

बेगमपुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. वर पत्रे नाहीत, स्लॅब आहे, म्हणून भाडं जरा जास्त. विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर, पाणचक्की त्याहून जवळ. गल्ली इतकी शांत की दुपारी कुणाच्या कुकरची शिट्टी झाली ते आई ओट्यापासून न हलता सांगते. २०१२ ते २०१६ या खोलीत येमेनहून आलेले एक सर राहायचे. तिकडे ते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि इथे विद्यापीठात इंग्रजीतच पीएचडी करायला आले होते. संध्याकाळी खाली येऊन आमच्या गल्लीतल्या पाच-सहा पोरांना ग्रामर शिकवायचे. दहावीला मला इंग्रजीत जे मार्क पडले, ते खरं तर त्यांचे.

हे आधीच सांगून टाकतो. हा लेख भालचंद्र नेमाड्यांच्या चांगदेव चतुष्टयाबद्दल आहे, पण ही चार पुस्तकं मी त्याच खोलीत बसून वाचली. दुसरीकडे कुठे वाचली असती, तर वेगळी वाचली गेली असती.

‘कोसला’ सगळ्यांनी वाचलेली असते, निदान तिच्यातली वाक्यं तरी स्टोरीला टाकलेली असतात. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या चौघींच्या वाट्याला तेवढं प्रेम येत नाही. सत्तरच्या दशकात आलेल्या या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील नावाचा तरुण इंग्रजीचा प्राध्यापक होतो, एका गावातल्या कॉलेजात टिकत नाही, दुसऱ्या गावी जातो, तिथेही टिकत नाही. नवी खोली, नवी खानावळ, नवी स्टाफरूम. शिक्षणसंस्थांतलं राजकारण, जात, प्राध्यापक मंडळींचा पोकळपणा यासाठी ही पुस्तकं गाजली आणि समीक्षकांनी बहुतेक त्याच अंगानं ती वाचली. मला मात्र त्यांत एक वेगळीच गोष्ट सापडली. परक्या गावात शिक्षक म्हणून राहायला आलेला माणूस तिथे मुरतो कसा, किंवा का मुरत नाही, याचा इतका बारीक हिशेब मराठीत मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

पहिल्या पुस्तकाच्या नावातच ते आहे. बिढार म्हणजे सामानसुमानासकट केलेला मुक्काम, जो उद्या उचलता येतो. त्याचंच घरगुती भावंड म्हणजे बिऱ्हाड. विंचवाचं ते पाठीवर असतं. घर हलत नाही, बिऱ्हाड हलतं, म्हणून घराला मालक असतो आणि बिऱ्हाडाला बिऱ्हाडकरू. आमच्याकडे हा शब्द आजीबरोबर गेला. आई ‘भाडेकरू’ म्हणते, मी ‘टेनंट’ म्हणतो. शब्द जितका नवा, तितका त्यातून तो माणूस आणि त्याची भांडीकुंडी नाहीशी होत जातात आणि नुसतं भाडं उरतं.

चांगदेव आपल्याच भाषेत, आपल्याच राज्यात फिरतो. तरी मला तो परदेशी वाटतो. कुठलंही मराठी गाव नव्या शिक्षकाला जे विचारतं ते व्हिसाच्या फॉर्मपेक्षा कमी नसतं. कुठले तुम्ही? पाटील म्हणजे कुठले पाटील? लग्न झालं का? पगार हातात किती येतो? घरी कोण कोण? उत्तरं पटली तर मुक्काम वाढतो. सरांसाठी बाबांना पोलिसांकडे सी फॉर्म भरावा लागला होता. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकानं २४ तासांत तो भरायचा, असा तेव्हा नियम होता. नाव, पासपोर्ट, कुठून आला, कुठे जाणार. चांगदेवसाठी असा कागद नाही, त्याचा सी फॉर्म अख्खं गाव तोंडी भरून घेतं.

शिवाय तो इंग्रजी शिकवतो. मराठीचा मास्तर गावाचा होऊ शकतो. तो गणपतीच्या व्याख्यानमालेत बोलतो, लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून देतो. इंग्रजीच्या मास्तराकडे गावाचं काम परीक्षेपुरतं असतं. तो जे शिकवतो ते त्या गावात कुणीच बोलत नाही, तोसुद्धा नाही. सर आम्हाला पॅसिव्ह व्हॉइस शिकवायचे तेव्हा खोलीत एकाचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. अरबी माणूस मराठी पोरांना तिसऱ्याच देशाची क्रियापदं समजावून सांगतोय, यातली गंमत तेव्हा कळली नाही.

नेमाड्यांनी स्वतः हेच आयुष्य काढलं. खानदेशातल्या सांगवीचा हा माणूस नगर, धुळे, मग आमच्या शहरातलं तेव्हाचं मराठवाडा विद्यापीठ, लंडनचं स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज, गोवा, मुंबई असा शिकवत फिरला, बहुतेक ठिकाणी इंग्रजी. आणि याच माणसानं देशीवाद मांडला. साहित्य आपल्या मातीतून, आपल्या परंपरेतून उगवावं, असा आग्रह धरला. या विसंगतीवरून त्यांना टोमणे मारणं सोपं आहे आणि ते भरपूर मारून झालेत. मला उलट वाटतं. चतुष्टय त्यांच्या देशीवादाच्या निबंधांपेक्षा कितीतरी खरं आहे, कारण त्यात मुळं असलेला माणूस नाहीच. मातीचा सिद्धांत मांडणाऱ्यानं कादंबरीत मात्र दर दोन वर्षांनी वळकटी गुंडाळणारा माणूस उभा केला. सिद्धांत लेखकाला जिथे सोडून देतो, तिथे ही पुस्तकं सुरू होतात.

आता तक्रार. पहिल्यांदा वाचताना मी अर्थातच चांगदेवच्या बाजूनं होतो. सगळेच असतात, कादंबरी दुसरी बाजू ठेवतच नाही. ‘झूल’ दुसऱ्यांदा वाचायला घेतली तेव्हा खाली बाबा नव्या भाडेकरूशी डिपॉझिटवरून बोलत होते आणि मला एकदम खटकलं. या चार पुस्तकांत घरमालक, शेजारी, खानावळवाली हे सगळे चांगदेवच्या खिडकीतून दिसतात तेवढेच आहेत. उपरोध वरच्या खोलीतून खाली वाहतो. गाव हास्यास्पद, सहकारी हास्यास्पद, मालक हिशेबी. असतीलही. पण जिन्याखाली उभं राहून वर बघणाऱ्याला काय दिसतं? या माणसाला वरण पाठवावं की नाही, पाठवलं तर बायकामाणसांनी न्यावं की पोराच्या हाती द्यावं, रात्री उशिरा दिवा का जळतो, हे प्रश्न ज्या घराला पडतात त्या घराचं डोकं नेमाडे उघडून बघत नाहीत. त्यातल्या बाईचं तर नाहीच. आमच्याकडे सरांचा सगळा कारभार आईनं सांभाळला. ताटात काय चालतं, काय नाही, हे तिनं आठवड्याभरात काढून घेतलं, तेही त्यांच्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलून.

प्रवासवर्णनांकडे वळलं तर तिथे आणखी वेगळी अडचण. आपल्याकडे परदेशाबद्दल उदंड लिहिलं गेलं, पण बहुतेक पाहुण्याच्या नजरेतून. पाहुणा गल्ली बघतो, पण तिथे कचऱ्याची गाडी कधी येते ते त्याला माहीत नसतं. दिलीप चित्रे १९६० ते १९६३ इथिओपियात इंग्रजीचे शिक्षक होते, म्हणजे अगदी आपल्याला हवा तो माणूस. त्यांच्या पुस्तकाचं नाव मात्र ‘शिबा राणीच्या शोधात’. नावावरून पुस्तक जोखू नये हे मान्य, पण नाव राणीला मिळालं, शेजाऱ्याला नाही, याची मला जरा हळहळ वाटते. त्यातून आमच्या शहरासाठी हा उलटा फेरा मजेशीर आहे. ज्या मुलखात चित्रे शिकवायला गेले, त्याच हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत येऊन ठेपला आणि १६१० मध्ये त्यानं हे शहर वसवलं, खडकी या नावानं. नंतर नावं बदलत गेली, परवा पुन्हा बदललं. पण जमिनीखालून पाणी आणणारी त्याची नहर अजून सांगितली जाते. परक्या माणसानं इथे येऊन आधी पाण्याचं बघितलं.

सरांनीही तेच केलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि तो दिवसही सरकत राहतो. जायकवाडी भरलेलं असो नसो. महिनाभरात सरांना गल्लीतल्या बायकांइतकंच पाण्याचं कळायला लागलं. पहाटे मोटारीचा आवाज आला की ते गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून उभे. मराठी त्यांना फारशी आली नाही. आधी आली ती इथली दखनी. ‘हौ’, ‘नक्को’, ‘कायकू’. शहागंजातला भाजीवाला त्यांना हैदराबादचा समजायचा, आणि ते खूष व्हायचे.

हाक मारायची काय, हा मुद्दा राहिला. तो मला मॅक्सीन बर्नसन यांच्याबद्दल वाचताना सुचला. अमेरिकेत जन्मलेल्या या बाई १९६१ मध्ये भारतात आल्या, हैदराबादेत इंग्रजी शिकवलं, मग भाषाशास्त्राच्या प्रबंधासाठी फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. फलटणमध्ये त्या मॅक्सीनमावशी. परदेशी शिक्षक शांत गावात येऊन रुजला, याचं याहून पक्कं उदाहरण महाराष्ट्रात सापडणं अवघड. आणि त्यांच्या रुजण्याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा म्हणजे एक व्याकरण. जाई निंबकरांबरोबर त्यांनी लिहिलेलं मराठीचं संदर्भ व्याकरण १९७५ मध्ये आलं. चांगदेव गावाचं बोलणं ऐकतो आणि त्याला वीट येतो. बर्नसन यांचा प्रबंधच फलटणचं बोलणं कसं बदलतं यावर होता, कोण कसं बोलतं आणि का. गावाचं ‘अशुद्ध’ बोलणं हेच त्यांचं काम झालं, आणि त्याच बोलण्याची मुलं पुढे त्यांच्या शाळेत बसली.

पण हे त्यांच्या एकटीच्या हातात नव्हतं. मावशी म्हणणारं फलटण हवं होतं. आमचे सर चार वर्षं सरच राहिले. आई त्यांना सर म्हणायची, बाबा सर म्हणायचे, ते आईला आधी मॅडम आणि नंतर आंटी म्हणायला लागले, काकू कधीच नाही. मामा, काका, भाऊ यातलं काही त्यांच्यासाठी निघालं नाही. गल्लीत पुढच्या बाजूला राहणाऱ्या एक खाला त्यांना ‘बेटा’ म्हणायच्या, तेवढंच. ‘सर’ हा शब्द आदराचा आहे खरा. जिन्याच्या पायरीसारखाही आहे. त्याच्यावर उभं राहता येतं, आत येता येत नाही.

२०१५च्या मार्चमध्ये येमेनवर बॉम्ब पडायला लागले. सरांचे पैसे आधी उशिरा यायला लागले, मग थांबले. बाबांनी सहा-सात महिने भाड्याचा विषय काढला नाही, हे मला त्यांच्या बाजूनं नोंदवायचं आहे. मग गल्लीत कुणीतरी काहीतरी म्हणालं. काय म्हणालं ते मला कधी सांगितलं गेलं नाही, पण जेवताना ताटावर जी शांतता पडली ती आठवते. पुढच्या रविवारी बाबा वर गेले आणि म्हणाले, पुतण्या शिकायला येतोय, खोली लागेल. सर म्हणाले, हौ, ठीक है. पुतण्या आला नाही. माझा असा कुणी चुलतभाऊ नाहीच. मी तेव्हा अकरावी-बारावीच्या मधे होतो, हे मला माहीत होतं आणि मी ते म्हणालो नाही.

म्हणून चांगदेव आता मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. त्याचं प्रत्येक गाव सोडणं कादंबरीत सुटकेसारखं येतं. तो कंटाळतो, चिडतो, राजीनामा देतो, निघतो. राजीनामा ही त्याची चैन आहे, हे नेमाड्यांच्या लक्षात आलंय असं वाटत नाही. परकेपणाबद्दल तो इतकं कडवट बोलू शकतो, कारण त्याच्यामागे खानदेशातलं एक गाव शाबूत आहे. त्याला तिथे जायचं नाही, पण ते आहे, तिथे एसटी जाते. सर आमच्याकडून निघाले त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये साना विमानतळावरची प्रवासी विमानं बंद झाली. ज्याला मागे जाता येत नाही आणि पुढची खोली मिळत नाही, अशा शिक्षकाची कादंबरी चतुष्टय नाही. तिनं ती असायला हवी होती असं मी म्हणत नाही. तरी कुणी तिला परकेपणाची शेवटची मराठी कादंबरी म्हणून डोक्यावर घेतलं की मला आमचा जिना आठवतो.

आणि ही कादंबरी भाडेकरूनंच लिहावी असंही नाही. आपल्या शहरांत विद्यापीठांच्या आसपास किती घरांच्या गच्चीवर अशा खोल्या आहेत. येमेन, इराक, सुदान इथून आलेली माणसं त्यांत राहून गेली. त्यांच्यातल्या कुणी लिहिलं असेल तर ते अरबीत. आपण मालक लोकांनी त्यांच्याबद्दल मराठीत काय लिहिलं? सी फॉर्म.

मागच्या दिवाळीत खोलीला रंग देताना भिंतीतल्या कपाटाचं दार काढलं. आतल्या बाजूला पेन्सिलीनं अरबी आकड्यांच्या ओळी होत्या, एकाखाली एक, बऱ्याच. मला त्यातला एक आणि नऊ तेवढा ओळखू आला. फोनवर बाकीचे आकडे शोधून लावत गेलो तेव्हा कळलं, तारखा आहेत, चार-पाच दिवसांच्या अंतरानं. आईला दाखवलं. तिनं बोटानं दोन-तीन ओळी मोजल्यासारख्या केल्या आणि म्हणाली, पाणी आलेले दिवस आहेत. मग रंगाऱ्याला म्हणाली, या दाराला आतून हात लावू नका.