भा. रा. भागवत यांच्या साहसकथेतील वाहन

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांची भाषांतरे एका दालनात आणि ‘फास्टर फेणे’ दुसऱ्या दालनात ठेवणे अभ्यासकास सोयीचे वाटते. परंतु इंदूरला जन्मलेल्या आणि १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक सुरू करणाऱ्या या लेखकाची दृष्टी दोन्हीकडे एकच आहे.

ज्यूल व्हर्नची कथा बहुधा वाहनातून जन्मते. चंद्राकडे डागलेला पोकळ गोळा, ‘नॉटिलस’ पाणबुडी, किंवा सूर्यमालेतून माणसांना फिरवून आणणारा धूमकेतू. या शेवटच्या कादंबरीस भागवतांनी ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ असे नाव दिले. हा निव्वळ चमत्कृतीचा हव्यास नव्हे. ‘धूमकेतू’ हा पोथीतला शब्द टाळून त्यांनी आजीच्या तोंडचा शब्द घेतला. आणि ‘मुक्काम’ म्हटल्याबरोबर ते अंतराळातले गोलक पत्राच्या पाकिटावर लिहिता येईल असे एखादे गाव बनून गेले! मूळ कथेतील अद्भुतास धक्का न लावता ते घरच्या अंगणात आणण्याची ही हातोटी होय.

फेणे हा याच हातोटीचा स्वतंत्र आविष्कार. बनेश फेणे हा पुण्याजवळील फुरसुंगीचा काटकुळा मुलगा. त्याचे वाहन सायकल. ती चैनीची वस्तू नव्हे. पुण्यातील विद्यार्थी आणि ठाण्याच्या नव्या वागळे इस्टेटमधील कामगार या दोघांनाही त्या काळी तिचाच आधार होता. साहसाला गलबत अथवा पाणबुडी लागत नाही, हे मराठी मुलास पटले ते येथे. ‘फास्टर’ हे इंग्रजी तरभावदर्शक रूपही सूचक आहे: सर्वांत वेगवान असण्याचा दावा त्यात नाही, पाठलाग करणाऱ्याहून किंचित पुढे असले की पुरे.

जेथे हे प्रमाण सुटते, तेथे कथा दुबळी होते. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या पार्श्वभूमीवरील ‘जवानमर्द फास्टर फेणे’ मध्ये प्रसंग एवढा प्रचंड आहे, की पोराच्या कर्तबगारीपेक्षा त्यास सांभाळून नेणारा लेखकाचा वत्सल हातच अधिक जाणवतो. देशभक्तीची कळकळ खरी आहे; १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात स्वतः उतरलेल्या लेखकाची ती आहे. कथेची वीण मात्र पुण्याच्या गल्लीबोळांत अधिक घट्ट बसते. तेथे फेणेचे ‘टॉक्’ ऐकू आले, की वाचक पुढच्या वळणावर आधीच जाऊन उभा असतो.