विठाबाईंची नाळ आणि आमची समीक्षा

लोककलेच्या 'जतना'ची भाषा अलीकडे फार ऐकू येते. तमाशा जपावा, लावणी जपावी, त्यांची संग्रहालये व्हावीत. जतनाला हरकत कोणाचीच नाही. परंतु नेमके काय जपायचे आणि कोणत्या नावाने, हे कोणी विचारीत नाही. कामठीहून माझे विद्यार्थी घेऊन मी नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात गेलो होतो. काचेमागच्या वस्तू पाहता पाहता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, इथं विठाबाईंचे चाळ ठेवले, तर खालच्या पाटीवर काय लिहितील?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. या लेखाचा प्रपंच त्यासाठीच आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या, २००२ साली गेल्या. त्यांच्याविषयीचा एक प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. ऐन तमाशात कळा आल्या. कनातीमागे त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा चाळ बांधून उभ्या राहिल्या. हे सांगताना प्रस्थापित समीक्षक गहिवरतो आणि म्हणतो, 'केवढी ही कलानिष्ठा!'

मला या शब्दाचा राग येतो. माझी आई कामठीत विड्या वळीत असे. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी कळा सुरू होईपर्यंत तिने मांडीवरचे सूप खाली ठेवले नाही. कारण जितक्या विड्या, तितकीच मजुरी. तिची विडीवर निष्ठा होती, असे कोणी म्हटले नाही. मग विठाबाईंच्या वाट्यालाच निष्ठा का येते? पोटासाठी राबणाऱ्या बाईच्या वेदनेला कला म्हटले, की प्रेक्षक आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो, म्हणून.

फड म्हणजे केवळ रंगमंच नव्हे. ते एक कुटुंबही असते. विठाबाई पुढे राधा होत, गवळण होत. मागे त्या मुलगी, बायको, आई आणि पुढे फडाच्या मालकीणही होत्या. खेळ बंद पडला, तर ढोलकीवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांची चूल थंड. कलावंतांना दिलेली उचल आणि डोक्यावरचे कर्ज बाळंतपणासाठी थांबत नाही. आपल्या समाजात घर चालवणाऱ्या पुरुषाला 'कर्ता' म्हणून मान मिळतो. नाचून घर चालवणाऱ्या बाईला मिळतो तो संशय. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाने हेच उघड केले. बहिणीच्या पायांवर भाऊ जगतात, आणि तिच्या मुलाला मात्र बापाचे नाव नसते. काळे यांनी आपल्या नावापुढे आईचे नाव लावले. ती केवळ कृतज्ञता नव्हती. कर्ती कोण, याचा तो जाहीर निवाडा होता.

आता थोडे आपल्याही घरात पाहू. पठ्ठे बापूरावांनी पवळाबाईंच्या नाचातून मिळालेला पैसा देऊ केला आणि बाबासाहेबांनी तो नाकारला, असे आपण अभिमानाने सांगतो. तो नकार पवळाबाईंचा अपमान नव्हता. आमच्या बाईला नाचवून मिळवलेल्या पैशाला तो नकार होता, असे मी मानतो. पण आपण काय केले? नकार लक्षात ठेवला, पवळाबाईंना विसरलो. चळवळीने बाईचा नाच नाकारताना नाचणारी बाईही दाराबाहेर ठेवली. आणि मग सवर्ण रसिकतेने तिला आपल्या सोयीने सम्राज्ञी केले.

विठाबाईंच्या वडिलांच्या फडाच्या फलकावर 'मांग' हा शब्द उघड होता. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. त्यात तो शब्द नाही. जात मिरवावी, असे माझे म्हणणे नाही. आपल्याला ती नष्टच करायची आहे. परंतु ज्या व्यवस्थेने विशिष्ट जातींच्या बायकांनाच चाळ बांधायला लावले, ती व्यवस्था शाबूत ठेवून केवळ शब्द पुसणे, हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार आहे.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे. चाळ संग्रहालयात जरूर ठेवावेत. पण पाटीवर 'लोककलेचा अमूल्य ठेवा' एवढेच लिहू नये. या चाळांवर किती माणसे जेवली, बाळंतपणातही ते का सोडता आले नाहीत आणि शेवटच्या आजारपणात त्या बाईंवर मदतीसाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ का आली, तेही लिहावे. ती पाटी लिहिणे हे आपल्या समीक्षेचे काम आहे. ते दुसऱ्यांवर सोडू नये.