आवाज आठवतो, कविता कुठे आहे?

मराठी शाहिरीचा विषय निघाला की शाहीर अमर शेखांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा पहाडी आवाज, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, डफावरची थाप, साऱ्यांच्या आठवणी निघतात. त्यांच्या कवितेविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९१६ साली जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल कामगार चळवळीत 'अमर शेख' झाला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. २९ ऑगस्ट १९६९ रोजी त्यांचे अपघाती निधन झाले. चळवळीतले नाव कन्येच्या नावातही राहिले. मलिका अमर शेख यांनी वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'सूर एका वादळाचा'. तिथेही पहिला मान सुराचाच!

माणूस मेला की त्याच्या अमलांचा सिलसिला तुटतो. राहतात त्या तीन गोष्टी, असे हदीस सांगते. सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. लेकीने आपले काम केले. पण 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) या संग्रहांतले इल्म कोणाच्या उपयोगी पडते आहे?

दोष केवळ इतरांचा नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपणही शेख महंमद, अमर शेख, हमीद दलवाई अशी नावे सांगत आलो. मराठी आमचीही आहे, याचा पुरावा म्हणून. पुराव्याचा कागद दाखवून झाला की पुन्हा पेटीत जातो. तो कोणी वाचत नाही.

उर्दू शाळेत मराठी कविता शिकवताना दिसते की मुले चाल चटकन उचलतात, अर्थ मागाहून येतो. अमर शेखांच्या बाबतीत आपली समीक्षा चालीपाशीच थांबली. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता थकली आहे. ती गेली की आवाजाची आठवणही जाईल आणि उरेल फक्त छापील पान.

म्हणून ही कविता डफाशिवाय वाचली पाहिजे. कोणती ओळ कागदावर उभी राहते आणि कोणती सभेबरोबर संपली, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. काही ओळी टिकणार नाहीत. त्याने शाहिराचा अवमान होत नाही. मयताविषयी चांगले बोलावे, ही आपली रीत खरीच. पण कवीचा आपल्यावर आणखी एक हक्क असतो: त्याला वाचण्याचा.