खाडीच्या मध्यावरचं शतक

व्हिडिओचा दर्जा म्हणजे चित्राचा लखलखीतपणा, असं आपण धरून चालतो. फिरत्या माणसाच्या फोनवर हा निकष पुरत नाही. 15 नोव्हेंबर 2023 च्या संध्याकाळी, भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना चालू असताना, बोरिवलीहून गोराई गावाकडे जाणाऱ्या लाँचमध्ये मी एक प्रक्षेपण पाहिलं. ते मला आजही त्या दिवशीच्या फलंदाजीइतकंच देखणं वाटतं. त्यात स्पष्ट असं फारसं काही नव्हतं.

लाँच जेटी सोडून तिवरांच्या मधून पुढे सरकली, पॅगोडाचा सोनेरी घुमट समोर आला आणि रेंज पडू लागली. पहिलं गेलं ते गवत. वानखेडेच्या मैदानावरचे कापणीचे फिकट-गडद पट्टे एकमेकांत मिसळून एकसारखा हिरवा रंग उरला. मग प्रेक्षकांचे चेहरे गेले, मग कोहलीच्या पाठीवरचा 18. कोपऱ्यातला धावफलक कडेने भुरकट झाला, पण वाचता येत होता. समालोचन मात्र अखंड. कोहलीने दोन धावा पळून एकदिवसीय क्रिकेटमधलं पन्नासावं शतक पुरं केलं, सचिनचा 49 चा विक्रम मागे पडला, गुडघे टेकले गेले, हेल्मेट उतरलं आणि सचिन बसला होता त्या दिशेने मान लवली. पडद्यावर तो एक निळा ठिपका होता. पण लवणं दिसलं, आणि ते वेळेवर दिसलं.

यातली करामत समजून घेण्यासारखी आहे. सामना फोनकडे सलग वाहत येत नाही. काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रतींत तयार असतो आणि पुढची प्रत कोणती मागवायची हे फोनमधला प्लेअर ठरवतो. गोलंदाज मार्काकडे चालत जातो तेव्हा तुकडा हलका असतो, कारण चौकटीतलं फारसं काही बदलत नाही. बदललं तेवढंच पाठवायचं. जल्लोषाचं उलटं. हजारो माणसं उठून हात हलवतात, कॅमेरा गरकन फिरतो, दृश्यं पटापट बदलतात. म्हणजे सगळ्यांना जो क्षण पाहायचा असतो, नेमका तोच पाठवायला सगळ्यात जड. त्यात ती खाडी. थेट सामन्यात प्लेअरजवळ शिल्लकही थोडी असते, कारण फार साठवून ठेवलं तर शेजारच्या घरातला आरडाओरडा आधी ऐकू येतो. अशा वेळी त्या प्लेअरने गवत सोडलं, चेहरे सोडले, पण वेळ सोडली नाही. दम अपुरा पडतोय हे ओळखून तान आखडती घेणारा आणि समेवर बरोबर येणारा गवई मला आठवला.

जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात वाटेत हरवलेला डेटा हरवलेलाच राहायचा. मग चित्रात चौकोन फुटायचे आणि पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत ते डाग पसरत जायचे. आता हरवलेलं पुन्हा मागवलं जातं. त्यामुळे चित्र फाटत नाही, ते थांबतं. दोष चित्रातून निघून काळात गेला आणि मोजणाऱ्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. 2004 साली आलेलं एसएसआयएम हे माप उजेड, उठाव आणि रचना या तीन अंगांनी प्रत चौकट मूळ चौकटीशी ताडतं. डोळा रचनेवर जगतो हे त्याने ओळखलं, म्हणून मला ते फार आवडतं. पण गोल चक्र फिरत असताना मागे गोठलेली चौकट या मापाने पाहिली, तर ती निर्दोषही ठरू शकते. बघणाऱ्याचा जीव मात्र टांगणीला.

म्हणून मला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं पी.1203 हे मानक अधिक रसिक वाटतं. त्याची पहिली आवृत्ती 2016 ची. ते एका बैठकीला 1 ते 5 मध्ये गुण देतं आणि गुण देताना सुरुवातीला किती ताटकळावं लागलं, मध्ये किती वेळा अडकलं, किती वेळ अडकलं, शेवटच्या अडकण्याला किती वेळ लोटला, हे सगळं विचारात घेतं. हे बघणाऱ्याच्या स्मरणाचं गणित आहे. दर्जा सारखा वर-खाली होणं हासुद्धा त्रासच. त्या दिवशी गोराईचा धक्का जवळ येऊन रेंज परतली, तरी प्लेअरने लगेच वरच्या प्रतीवर उडी मारली नाही. थोडी शिल्लक जमू दिली, मग पायरी-पायरीने चढला: आधी आकडा, मग चेहरे, आणि सगळ्यात शेवटी गवताचे पट्टे. हा संयम मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

ओस्लोतल्या रोजच्या प्रवाशांच्या वाटांवर, मेट्रोत, ट्राममध्ये आणि फेरीबोटीवरही, थ्री-जीचा वेग कसा चढतो-पडतो याच्या नोंदी नॉर्वेच्या संशोधकांनी 2013 मध्ये खुल्या केल्या. प्लेअरची परीक्षा घ्यायला संशोधक त्या नोंदी वापरत आले आहेत. बोरिवली-गोराई फेरीचीही अशी नोंद कोणीतरी करावी: भरतीची वेगळी, ओहोटीची वेगळी, आणि सामन्याच्या दिवशीची तर नक्कीच.