कळा कुणाच्या, कथा कुणाची?

दिवाळी अंकात बाळंतपणाच्या कळांवर लेख! फराळाची बशी शेजारी ठेवून अंक चाळणाऱ्या वाचकाच्या कपाळाला आठी पडेल, हे मी धरूनच चालले आहे. पण दिवाळीत माहेरी आलेल्या लेकी दुपारी माजघरात लवंडल्या, की चार गोष्टींनंतर बोलणे कुठे वळते, हे कुठल्या घराला ठाऊक नाही? तिथे मोकळेपणाने जे बोलले जाते त्यांतले साहित्यात किती उतरले, आणि उतरले ते कुणाच्या तोंडून, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या भाषेपासूनच आरंभ करू. डोहाळ्यांची गाणी आपल्याकडे उदंड, पाळणेही उदंड. पण डोहाळे आणि पाळणा यांच्या मधली जी रात्र, तिच्यावरून आपले गाणे बहुधा पाय न वाजवता निघून जाते. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी ती रात्र कुठे कुठे गाठली आहे. छापील गोष्टींत मात्र दार लोटलेले असते. बाहेर नवरा येरझारा घालतो, आतून ट्यँहां ऐकू येते आणि प्रकरण संपते. भाषेला खरे तर सारे ठाऊक आहे. बाई 'अडते' आणि मग 'मोकळी होते'. 'सुटका झाली का?' असे आपण विचारतो. बाळंतपणाला बाईचा पुनर्जन्म म्हणतो. दुखणे केवढे, याची कबुली शब्दांनी केव्हाच दिली आहे. ते हलके करावे का आणि ते कुणी ठरवावे, असा प्रश्न निघाला की मात्र 'टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही' ही म्हण पुढे केली जाते. म्हण सुरेख आहे. तिच्यात दगडाला कुणी विचारलेले नाही, इतकेच.

परभाषेतल्या थोरांची गोष्ट फारशी निराळी नाही. टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'मध्ये किटीचे बाळंतपण आहे, आणि त्या तोडीचे वर्णन मला दुसरे आठवत नाही. पण ते सारे लेव्हिनचे आहे. डॉक्टरकडे धावतो तो, अफूची बाटली आणायला औषधविक्याकडे जाऊन त्याच्या संथपणावर चिडतो तो, आणि देव न मानणारा असून देवाला हाका मारतो तोही तोच. त्या अफूविषयी किटीला काय वाटत होते, हे वाचकाला कळत नाही. हेमिंग्वेच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' (1929) ह्या कादंबरीत कॅथरीनला तोंडावर धरायचा वायू दिला जातो. ती तो पुन्हा पुन्हा मागते. पुढे त्याचा गुण येईनासा होतो. त्या यंत्राची कळ फिरवायचे काम नायकाकडे येते, आणि चुकून जास्त फिरवली तर काय, ह्या भयाने तो कासावीस होतो. मधेच तो बाहेर जाऊन जेवूनही येतो. हा तपशील क्रूर आहे आणि म्हणूनच खरा आहे. वेदना तिची, पण यंत्राची कळ त्याच्या हातात आणि कथाही त्याचीच! दोघेही लेखक मोठे. त्यांनी पुरुषाची असहायता प्रामाणिकपणे सांगितली. ती वाचून आपण बाईची गोष्ट वाचली असे समजतो, ही चूक आपली.

इतिहासातही हेच आढळते. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सनने 1847 साली प्रसूतीत आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरला. तेव्हा, स्त्रीने दुःखातच प्रसवावे असे बायबल सांगते, म्हणून आक्षेप निघाले. सिम्प्सन काही कमी नव्हता. आदमची बरगडी काढताना देवाने आधी त्याला गाढ निद्रा आणली, हे त्याने त्याच बायबलातून दाखवून दिले. 7 एप्रिल 1853 रोजी जॉन स्नो ह्या डॉक्टरने राणी व्हिक्टोरियाला तिच्या आठव्या बाळंतपणात रुमालावरून क्लोरोफॉर्म दिला. राणीने आपल्या रोजनिशीत त्याची वाखाणणी केली. 1857 साली नवव्या खेपेलाही तो घेतला. तिची मर्जी जगाने ऐकली, कारण ती राणी होती. इतरांच्या मर्जीची नोंद कोण ठेवणार?

मला सर्वांत अस्वस्थ करते ती 'संधिनिद्रे'ची हकीकत. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे मॉर्फीन आणि स्कोपोलामीन यांच्या मिश्रणाने बाळंतपणे होऊ लागली. 1914 च्या सुमारास अमेरिकेतल्या बायकांनी त्यासाठी सभा घेतल्या, चळवळ उभारली. बाई जागी होई तेव्हा तिला काही आठवत नसे. पण त्या औषधाने मुख्यतः आठवण जात होती. वेदना पुष्कळशी राहत होती. बायका किंचाळत, हातपाय झाडत, म्हणून त्यांना बांधूनही ठेवीत. टीकाकाराच्या नजरेने पाहिले तर ही निवेदकाविना घडलेली कथा आहे. सोसले जिने, तिच्याकडूनच ते सांगण्याची शक्ती काढून घेतली गेली. आणि ती निद्रा बायकांनी स्वतःच मागितली होती, हे विसरून चालणार नाही. मागणीलाही पूर्ण माहितीची जोड हवी, एवढे त्यातून शिकावे.

मग ही कथा बाईने सांगितलीच नाही काय? सांगितली आहे, आणि मराठीत सांगितली आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (1986) काढून बघा. कोवळ्या वयातली पहिलटकरीण, घरातली भूक, सुइणीचे अडाणी हात हे सारे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. त्यांत देवपणाची भाषा नाही. आणि एकटीचे रडगाणेही नाही. 'आम्ही' म्हणून साऱ्या वस्तीतल्या बायका बोलतात. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी प्रसवल्या. मूल दहा दिवसांत गेले. पुढे अमेरिकेत जाऊन 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. सोसणारीने शास्त्राचीही लेखणी हाती घेतली, ती अशी.

हे सगळे मी मोठ्या तोंडाने लिहिते आहे खरी. पण माझे स्वतःचे काय? काही वर्षांपूर्वी माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली. सातव्या महिन्यातच तिने सांगून ठेवले होते, "आई, मी पाठीतली सुई घेणार." कंबरेच्या मणक्यांपाशी बारीक नळी घालून औषध सोडतात, कंबरेखालच्या कळा बोथट होतात, बाई जागी राहते, तिने सारे वाचले होते. रक्तदाब उतरू शकतो, जोर द्यायचा काळ लांबू शकतो, हेही तिला ठाऊक होते. रात्री कळा वाढल्या. परिचारिका बाहेर आली आणि तिने मला विचारले, "भूलतज्ज्ञांना बोलवायचं का?" मी म्हणाले, "पहिलटकरीण आहे, थोडं सोसेल." मला दुष्टपणा करायचा नव्हता. माझ्या आईने सोसले, मी सोसले. तेच तोंडातून निघाले. पहाटे नातू झाला, पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी लेक शांतपणे म्हणाली, "आई, त्यांनी मला का नाही विचारलं?"

लेव्हिनला, हेमिंग्वेच्या नायकाला मी नावे ठेवते. पण दाराबाहेर बसून कळ फिरवणारा हात त्या रात्री माझा होता, आणि मी तर बाई!

उलट बाजूही सांगायला हवी. माझ्या मैत्रिणीच्या सुनेने औषध नको म्हणून निक्षून सांगितले. तिला कंबर चोळायला आपली आई हवी होती, चालायला मोकळीक हवी होती. तिलाही घरच्यांनी 'हट्टी' म्हटले. एकीला सोसायला लावले, दुसरीला सोसू देईनात. दोन्ही घरांत तिचे म्हणणे तेवढे वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली प्रसूतीविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत पाठीतली सुई आहे, मालिश आहे, श्वासाचे व्यायाम आहेत, सोबतीला हवे ते माणूस आहे. आणि यांतले काय घ्यायचे, ते बाईच्या पसंतीवर सोपवले आहे. आपल्या खेड्यांत भूलतज्ज्ञ रात्री मिळणे कठीण, हे खरे. पण हवेसे माणूस जवळ बसवायला आणि बाईला विचारायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

लेक ह्या दिवाळीला आली आहे; दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. काल करंज्या भरता भरता मी तिला विचारले, "ह्या खेपेला काय ठरवलंयस?" ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अजून ठरवलं नाही गं. ठरलं की सांगेन."

मी बरे म्हटले, आणि पुढची पारी लाटायला घेतली.