अपायकारक वाणीची मर्यादा : मिलचा निकष व १८९७ चा खटला

जॉन स्टुअर्ट मिल याने ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात विचारप्रकाशनाच्या मर्यादेविषयी एक दाखला दिला आहे. धान्याचे व्यापारी गरिबांची उपासमार करतात, हे मत वृत्तपत्रात छापले गेल्यास त्यास प्रतिबंध नसावा. परंतु तेच मत व्यापाऱ्याच्या घरापुढे जमलेल्या प्रक्षुब्ध जमावास उद्देशून उच्चारले गेल्यास ते दंडनीय ठरू शकते. दोष मतात नसून प्रसंगात आहे, हे या दाखल्याचे मर्म होय. मात्र वृत्तपत्रातील मजकूर व जमाव यांची गाठ पडणारच नाही, असे येथे गृहीत धरलेले दिसते. मिलच्या विवेचनातील न्यून ते हेच.

या न्यूनाचा प्रत्यय १८९७ च्या पुण्यात येतो. प्लेगच्या बंदोबस्तामुळे शहर संतप्त होते. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात शिवाजी-उत्सवाचा वृत्तान्त व अफझलखानवधाचे समर्थन करणारे टिळकांचे भाषण प्रसिद्ध झाले, २२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. येथे वृत्तपत्रच व्यापाऱ्याच्या दारी उभे होते, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि पौर्वापर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. शिवाय खटला हत्येच्या चिथावणीचा नव्हता, राजद्रोहाचा होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला आणि लेखांमुळे प्रत्यक्ष दंगा झाला की नाही, हा प्रश्न अप्रस्तुत ठरविला. ६ विरुद्ध ३ मतांनी टिळक दोषी ठरले व त्यांस १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

भावना हेच माप ठरले की मर्यादा उरत नाही. कारण अप्रीतीचा पुरावा मागता येत नाही आणि ती कोणाविषयी बाळगू नये, हे सत्ताधारीच ठरवितो. केदारनाथ सिंह खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने हे माप भावनेवरून सार्वजनिक अव्यवस्थेकडे नेले, ही मोठी सुधारणा होय. परंतु अव्यवस्थेचा हेतू अथवा ‘प्रवृत्ती’ पुरेशी मानल्याने फट राहिली; कारण कोणत्याही तिखट वाक्यास अशी प्रवृत्ती चिकटविता येते. रंगराजन खटल्यात (१९८९) न्यायालयाने वाणी व अनर्थ यांच्यात ठिणगी आणि दारूचे कोठार यांच्याइतका निकट संबंध अपेक्षिला. हा निकष अधिक काटेकोर आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेची जागा न्यायसंहितेने घेतली; पण कलमाचे शब्द बदलल्याने मापाचा प्रश्न सुटत नाही.

तात्पर्य, मिलचा निकष टाकून न देता विस्तारणे इष्ट होय. छापील शब्दही दारी उभा राहू शकतो, हे मान्य करावे. परंतु तसे म्हणणाऱ्याने ते दार, तो जमाव व ती वेळ सिद्ध करून दाखवावी. यामुळे काही अपायकारक लेखन दंडावाचून सुटेल, हे खरे. ती किंमत नाकारणाऱ्याने १८९७ च्या निकालाची किंमतही हिशेबात धरली पाहिजे.