‘ला कासा दे लोस एस्पिरितुस’ : अद्भुताची विषम वाटणी

प्रस्तावना

चिलीच्या लेखिका इसाबेल आयेंदे यांची ‘ला कासा दे लोस एस्पिरितुस’ ही कादंबरी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८५ मध्ये ‘द हाउस ऑफ द स्पिरिट्स’ या नावाने तिचा इंग्रजी अनुवाद आला. निवेया, क्लारा, ब्लांका आणि आल्बा या चार पिढ्यांतील स्त्रियांचा पितृसत्तेशी चाललेला झगडा हे तिचे प्रमुख आशयसूत्र होय. जादुई वास्तववादाच्या संदर्भात तिची तुलना गार्सिया मार्केस यांच्या १९६७ मधील ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’शी वारंवार केली जाते. या तुलनेत एक प्रश्न मात्र मागे पडतो : कादंबरीतील अद्भुत कोणत्या स्त्रीच्या वाट्याला येते आणि कोणत्या स्त्रीच्या वाट्याला येत नाही? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

क्लाराचे मौन

क्लाराला भविष्य दिसते. ती हात न लावता मीठदाणी हलवते व मृतात्म्यांशी संवाद साधते. बहीण रोझाचे शवविच्छेदन पाहिल्यानंतर ती नऊ वर्षे अबोल राहते. पुढे पती एस्तेबान त्रुएबा तिला मारहाण करतो, तेव्हा ती त्याच्याशी कायमचे बोलणे सोडते आणि माहेरचे नाव पुन्हा लावू लागते. निवेया स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटते. हा अधिकार चिलीत राष्ट्रीय निवडणुकांपुरता १९४९ मध्ये मिळाला. क्लाराचा लढा मात्र घराच्या आत चालतो. मालमत्ता, सत्ता आणि देहबळ पतीच्या बाजूला असताना, जिथे त्याचा हुकूम चालत नाही असा एक प्रदेश ती अद्भुताच्या आधारे राखते. म्हणून तिच्या बाबतीत अद्भुत हे पलायन नसून प्रतिकाराचे साधन ठरते. तथापि, ही स्वायत्तता घरच्या मालकिणीची आहे, हे विसरता येत नाही.

पांचाचा वारसा

त्रेस मारियास येथील आपल्या जमीनदारीत एस्तेबान शेतमजूर कुटुंबातील पांचा गार्सिया हिच्यावर बलात्कार करतो. हा प्रसंग निखळ वास्तववादी शैलीत येतो. कोणताही आत्मा पांचाच्या साहाय्यास धावत नाही. क्लारा आपल्या जीवनाच्या नोंदवह्या नातीसाठी मागे ठेवते, तर पांचा नातवाला केवळ हिरावलेल्या वारशाची तक्रार ऐकवते. तोच नातू, एस्तेबान गार्सिया, लष्करी उठावानंतर अधिकारी म्हणून आल्बाचा छळ करतो. कादंबरीत देशाचे नाव नसले तरी, या भागामागे ११ सप्टेंबर १९७३ चा चिलीतील उठाव आहे हे स्पष्ट आहे. एका स्त्रीवरील अन्यायाचा सूड अशा रीतीने दुसऱ्या स्त्रीच्या देहावर उगवला जातो.

कोठडीत आल्बा मृत्यूची वाट पाहत असता क्लाराचा आत्मा प्रकटतो. तो कोठडीचे दार उघडत नाही. जगत राहा आणि कागदाविना, मनातल्या मनात लिहीत राहा, एवढेच तो तिला सुचवतो. अद्भुताची मर्यादा येथे उघड होते आणि त्याची जागा साक्षीलेखन घेते.

निष्कर्ष

आजोबांनी पांचावर केलेला अत्याचार ही आपल्या यातनांच्या साखळीतील एक कडी होती, हे आल्बा ओळखते आणि सूड नाकारते. ही या कादंबरीची नैतिक उंची होय. परंतु निवेदनाचा अधिकार मुख्यतः आल्बाकडे आणि मधूनमधून एस्तेबानकडे आहे. पांचाला तो कधीच मिळत नाही. क्षमा करणारी आणि लिहिणारी, दोन्ही त्रुएबा घराण्यातीलच. त्यामुळे या कादंबरीकडे ‘स्त्रियांची सामायिक कहाणी’ म्हणून पाहणे अपुरे ठरते. पितृसत्ता सर्व स्त्रियांना ग्रासते. पण तिच्याविरुद्धची साधने वर्गानुसार वाटली जातात. अद्भुत आणि लेखणी ही दोन्ही साधने येथे वाड्यातच राहतात. पांचाला वगळून केलेले स्त्रीवादी वाचन ही विषमता पुन्हा एकदा घडवते, याचे भान अध्यापनात व समीक्षेत ठेवणे आवश्यक आहे.